डिसेंबरचं तापमान बघून कॉलेज निवडणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतल्या ॲडमिशनच्या मेल यायला लागल्या की पुण्या-मुंबईतल्या आणि आता लातूर-जळगावातल्याही घरांमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो. पोराच्या हातात दोन-तीन ॲडमिट असतात, त्यातला एक ॲरिझोना नाहीतर टेक्सासचा आणि एक मिशिगन, मिनेसोटा नाहीतर न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या टोकाचा, मग काका मोबाईलवर उणे वीसचा स्क्रीनशॉट दाखवतात, मावशी म्हणते एवढ्या थंडीत पोर जगणार कसं, आणि समोर तिकडे शिकून आलेला कुणीतरी दादा बसलेला असतो तो म्हणतो थंडीबिंडी काही नसतं, जॅकेट चढवलं की झालं, तू रँकिंग बघ. दोन तास घसा फोडून झाल्यावर शेवटी निर्णय होतो तो लोन किती मिळतंय आणि मित्र कुठे चाललेत यावर. मला या वादातल्या दोन्ही बाजू पटत नाहीत. एक बाजू तापमानाचा आकडा बघते, दुसरी रँकिंगचा, आणि ज्या जागी दोन वर्षं काढायची ती जागा कशी आहे हे कुणीच विचारत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. बर्फ किती पडतो हे कॉलेज निवडताना जवळजवळ निरुपयोगी आहे, पण बर्फ पडल्यावर ते कॉलेज आणि ते गाव काय करतं हे बघितलं तर त्या जागेबद्दल जेवढं कळतं तेवढं कुठल्याच ब्रोशरमधनं कळत नाही. एखादं कॉलेज स्वप्नातलं वाटावं यासाठी तिथली हवा छान असायची गरज नाही, तिथल्या माणसांनी हवेचा बंदोबस्त केलेला असायला पाहिजे आणि त्या माणसांमध्ये तुम्हाला जागा मिळायला पाहिजे.

उदाहरण टोकाचंच घेऊ, म्हणजे सोपं उदाहरण निवडलं असं कुणी म्हणायला नको. मिशिगनच्या पार उत्तरेला लेक सुपीरियरमध्ये घुसलेलं किविनॉ नावाचं द्वीपकल्प आहे आणि त्यावर होटन नावाचं आठ हजार वस्तीचं गाव, त्यात मिशिगन टेक हे विद्यापीठ. मेकॅनिकल करणाऱ्या पुण्याच्या पोरांना हे नाव सांगावं लागत नाही, दरवर्षी तिथे कुणी ना कुणी जातोच. कॅनडाकडून येणारा कोरडा थंडगार वारा त्या समुद्राएवढ्या तळ्यावरून येताना वाफ उचलतो आणि किविनॉच्या टेकड्यांना धडकला की सगळी तिथे ओततो, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, थोडं थोडं आणि जवळजवळ रोज. वर्षाची सरासरी दोनशे इंचांच्या आसपास, म्हणजे पाच मीटर. १९७८-७९ च्या हिवाळ्यात किविनॉ काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ३९०.४ इंच पडला, जवळजवळ दहा मीटर, आणि या विक्रमाची आठवण म्हणून हायवेच्या कडेला थर्मामीटरसारखा एक उंचच उंच फलक उभा केलाय, लोक त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतात. काकांचा स्क्रीनशॉट याच्यापुढे काहीच नाही. (हा आकडा अख्ख्या हंगामाची बेरीज असते बरं का, एका दिवशी दहा मीटर बर्फात गाव गाडलं जात नाही. आपल्याकडे कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून दापोली तीन मीटर पाण्याखाली जात नाही, तसंच.)

आता समोरच्यांचं म्हणणं, आणि त्यात दम आहे हे मान्य करूनच पुढे जायला पाहिजे कारण "काही नसतं रे" म्हणणारे दादा लोक इथे सरळ खोटं बोलतात. होटनमध्ये डिसेंबरच्या शेवटी दिवस साडेआठ तासांच्या आसपास असतो, आणि त्यातही ढग असतात. पहिल्या लेक्चरला जाताना अंधार आणि लॅबमधनं बाहेर पडताना अंधार. याने माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, ही काही नाजूक पोरांची तक्रार नाही. नॉर्मन रोझेन्थल हा डॉक्टर दक्षिण आफ्रिकेतनं, म्हणजे जोहान्सबर्गच्या लख्ख उन्हातनं अमेरिकेत आला आणि हिवाळ्यात आपलीच ऊर्जा, कामाचा उरक का जातो असा प्रश्न त्याला पडला, आणि १९८४ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यातल्या या उदासीचं वैद्यकीय वर्णन छापलं. आपली पोरं त्याच्यासारखीच, उन्हाच्या देशातनं गेलेली. दुसरं, थंडी जीव घेते. २०२२ च्या ख्रिसमसला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत जे वादळ आलं त्यात चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीत अडकून, काही घरात वीज गेल्यामुळे, काही ॲम्ब्युलन्स पोचू न शकल्यामुळे, आणि बफेलोला आपले विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. तिसरं, खर्च. बूट, थर्मल, चांगला पार्का म्हणजे टोपीवाला जाड कोट, घराचं हीटिंग, गाडी घेतली तर तिचे बर्फाचे टायर. चौथं, अंतर. होटनहून शिकागो गाडीने सात तास आणि डेट्रॉइट नऊ-एक तास, तेही रस्ता साफ असेल तर, आणि मसाले, पीठ, चहा पाहिजे तर कुणीतरी शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूला, म्हणजे तिथल्या देशी बाजारात, जाणार असेल त्याला यादी द्यायची. हे सगळं खरं आहे.

पण यातनं "म्हणून गरम ठिकाणी जा" हे कसं काय निघतं? २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीची लाट आली. टेक्सास म्हणजे आपल्या पालकांचं लाडकं राज्य, हवामान जरा आपल्यासारखं, डॅलसला तर गणपतीची मिरवणूकसुद्धा निघते. तिथली वीजयंत्रणा कोसळली, लाखो घरांची वीज गेली, पाण्याचे पाइप फुटले, आणि राज्य सरकारनेच नंतर मोजलेले मृत्यू होते २४६. बफेलोच्या कित्येक पट. तापमान काय होतं? होटनमध्ये ज्या दिवशी पोरं क्लासला चालत जातात त्यापेक्षा फार वेगळं नव्हतंच. फरक एवढाच की होटनच्या घराची भिंत, छताचा उतार, पाण्याच्या पाइपची खोली, रात्री दोन वाजता निघणारा बर्फ ढकलायचा ट्रक हे सगळं त्याच हवेसाठी बांधलेलं आहे आणि टेक्सासमध्ये नव्हतं. बफेलोच्या वेळीसुद्धा लोक चिडले ते कशावर? बर्फावर नाही, गाड्या रस्त्यावर आणायची बंदी उशिरा घातली यावर. आणि ॲरिझोना. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर गेला आणि त्या वर्षात फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं मेल्याची सरकारी नोंद आहे. यातले बरेचसे बेघर नाहीतर म्हातारे होते, विद्यार्थी नव्हते, हे मी स्वतःहूनच सांगतो, पण मग बफेलोत गेलेलेही बहुतेक विद्यार्थी नव्हतेच की. एका ठिकाणचे मृत्यू हवेच्या खात्यावर मांडायचे आणि दुसऱ्या ठिकाणचे गरिबीच्या, हा हिशेब कुठला?

खरं म्हणजे उन्हाचं आपल्याला काही वाटत नाही कारण ते आपलं आहे. व्हीएनआयटीला नंबर लागला आणि नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो म्हणून कुणाच्या आईने पोराला थांबवल्याचं ऐकलंय का? कूलर घे, दुपारी बाहेर पडू नको, कांदा खिशात ठेव, झालं. ते तिथल्या लोकांनी शतकभर जमवून ठेवलेलं शहाणपण असतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. होटनच्या लोकांनीही तसंच जमवलंय, फक्त ते आपल्या आजीने सांगितलेलं नसतं म्हणून आपल्याला दिसत नाही.

थोडं इतिहासातही बघू, कारण अमेरिकेतली इतकी नावाजलेली इंजिनिअरिंगची आणि शेतकीची सरकारी विद्यापीठं नेमकी बर्फाच्या पट्ट्यात का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. १८६२ साली मॉरिल कायदा झाला, राज्यांनी सरकारी जमीन विकून शेतकी आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढावीत असा. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं, दक्षिणेची राज्यं फुटून गेलेली, त्यामुळे पहिला फायदा उत्तरेला आणि मिडवेस्टला मिळाला. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन स्टेट, कॉर्नेल ही सगळी त्या कायद्यावर वाढलेली. होटनचं कॉलेज त्यानंतरचं, १८८५ चं, तांब्याच्या खाणींसाठी काढलेली खाणकामाची शाळा, म्हणजे तांबं जिथे होतं तिथे कॉलेज गेलं, हवा बघायला कुणाला वेळ होता? आणि गरम पट्ट्यातली विद्यापीठं एवढी मोठी कधी झाली? एअर कंडिशनर स्वस्त झाल्यावर. १९४० मध्ये फिनिक्सची लोकसंख्या पासष्ट हजार होती, ॲरिझोना स्टेटला युनिव्हर्सिटी हे नाव मिळालं १९५८ मध्ये. आणि एसी कुणी काढला? विलिस कॅरियरने, जो १९०१ चा कॉर्नेलचा इंजिनिअर आणि १९०२ मध्ये पहिलं यंत्र डिझाइन करताना नोकरीला होता बफेलोच्या कंपनीत. म्हणजे बर्फाच्या गावातल्या माणसाने केलेल्या मशीनवर जे शहर राहण्यासारखं झालं त्याला आपण नैसर्गिकरीत्या सुखाचं म्हणतो आणि बर्फाच्या गावाला राहण्यालायक नाही म्हणतो, गंमतच आहे.

इथे कुणीतरी आनंदीबाई जोशींचं नाव काढतंच, आणि काढायलाच पाहिजे, कारण मराठी माणसाच्या मनात परदेशातल्या थंडीची जी भीती आहे ती बरीचशी तिथनं आलीये. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, बावीस वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती... म्हणजे व्हायला महिनाभर होता. तिथल्या थंडीचा त्यांना त्रास झाला हे खरंच आहे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसायला लागल्या, खोलीतली शेगडी नीट पेटायची नाही, म्हणजे एकतर धूर सोसा नाहीतर गारठा. पण नीट बघितलं तर ही तक्रार फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याची आहे की त्या खोलीची? शिवाय तब्येत इथनं निघण्याआधीच बिघडलेली होती, डोकेदुखी, ताप, धाप, आणि क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने शोधल्याला जेमतेम वर्ष झालेलं, औषध जगात कुठेच नव्हतं, मुंबईतही माणसं त्यानेच मरत होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गरम हवेतला पर्याय त्यांच्यासमोर होता! मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून बायका शिकत होत्या. निघण्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरला त्यांनी भाषण केलं, अमेरिकेलाच का जाते हे सांगायला, त्यात मद्रासचा उल्लेख आहे आणि नकाराचं कारणही आहे: तिथे मिळणारं शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणारे जुन्या वळणाचे, बायकांचा मत्सर करणारे आहेत. अठरा वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलीने १८८३ मध्ये कॉलेज कसं निवडायचं हे आपल्या आजच्या घराघरातल्या सभांपेक्षा नीट ओळखलं होतं, तिने शिकवणारी माणसं बघितली. फिलाडेल्फियात तिला डीन रेचल बॉडली भेटल्या, ज्यांनी तिला आपल्या माणसासारखं सांभाळलं, आणि त्याआधी न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई, ज्यांनी ओळखदेख नसताना घर दिलं. त्यांच्या घराण्याच्या स्मशानातच आनंदीबाईंची रक्षा आहे.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचं सगळ्यात तगडं उदाहरण, ते मी लपवणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन १९४५ मध्ये कॉर्नेलला आला आणि काही वर्षांतच कॅलिफोर्नियाला कॅल्टेकला निघून गेला, आणि का गेला याची गोष्ट त्याने स्वतः पुढे सांगितली: इथाकाच्या, म्हणजे कॉर्नेलच्या गावच्या, चढावर गाडी घसरायला लागली, बर्फात वाकून टायरला साखळ्या बांधत होता, बोटं बधिर झालेली, आणि मनात आलं की जगात कुठेतरी अशी जागा असेलच की जिथे हे करावं लागत नाही. झालं, नोबेल मिळवणारा माणूससुद्धा बर्फाला कंटाळून गेला, मग माझ्या भाच्याने काय घोडं मारलंय? पण गोष्ट इथे संपत नाही आणि लोक ती इथेच संपवतात. पॅसाडेनाला गेल्यावर एक दिवस तिथल्या धुरक्याने त्याचे डोळे असे चुरचुरले की त्याने वैतागून कॉर्नेलला फोन केला, मला परत घ्या. ते तयारही झाले. आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसला जाताना वाटेत एकजण धावत येऊन सांगायला लागला की बाडे या खगोलशास्त्रज्ञाला ताऱ्यांच्या दोन वेगवेगळ्या पिढ्या सापडल्यात, थोडं पुढे गेला तर जीवशास्त्रातला एक पोरगा त्याच्या नव्या प्रयोगाचं सांगायला लागला, आणि फाइनमनने ठरवलं की राहायचं तर इथेच, जिथे चालता चालता लोक असलं काही सांगतात. म्हणजे गेला हवेमुळे, परत निघाला होता तोही हवेमुळेच, आणि थांबला तो माणसांमुळे. तिकडे कॉर्नेलला ज्याने त्याला बोलावून नेलं होतं तो हान्स बेथे १९३५ मध्ये इथाकाला आला आणि २००५ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तिथेच वारला, जवळजवळ सत्तर हिवाळे काढून. एकच गाव, एकच डिपार्टमेंट, तोच बर्फ. आणि ज्या कामासाठी फाइनमनला नोबेल मिळालं त्याची सुरुवात तो सांगायचा ती कॉर्नेलच्या कॅफेटेरियात कुणीतरी हवेत उडवलेल्या डगमगणाऱ्या ताटलीपासून. कॅफेटेरियात भर दुपारी वेळ घालवत बसलेला प्रोफेसर आणि ताटल्या उडवणारी पोरं, असं वातावरण बाहेर बर्फ असल्याने बिघडत नाही, कदाचित जरा जास्तच जमतं, पण तेवढ्यासाठी मी बर्फाचे आभार मानणार नाही.

कारण दुसऱ्या टोकाचा मूर्खपणाही आहे. थंडीत माणूस घडतो, कष्टाने चारित्र्य येतं, गरम हवेतली पोरं आळशी, असलं बोलणारे भेटतात. हे साहेबाच्या काळातलं खूळ आहे, गरम देशातली माणसं कमअस्सल हे सिद्ध करायला तेव्हा पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली, आणि आपणच ते उचलून धरावं? बर्फाने कॉलेज चांगलं होत असतं तर होटनचा पूल ओलांडून पलीकडे हॅनकॉकमध्ये काय झालं ते सांगा. तिथे फिनलंडहून आलेल्या लोकांनी १८९६ मध्ये काढलेलं एक कॉलेज होतं, पुढे त्याचं नाव फिनलँडिया युनिव्हर्सिटी झालं. तेच आकाश, तेवढाच बर्फ, कालव्याच्या या काठावर आणि त्या काठावर एवढाच फरक. २०२३ मध्ये ते बंद पडलं, विद्यार्थी कमी झालेले, कर्ज वाढलेलं. पूल ओलांडला की मिशिगन टेक सात हजार विद्यार्थी घेऊन चालू आहे.

मग मिशिगन टेकने वेगळं काय केलं? त्याने हिवाळा अभ्यासात घेतला आणि करमणुकीतही घेतला. किविनॉ रिसर्च सेंटर नावाची त्यांची संस्था आहे, बर्फाच्या आणि घसरड्या ट्रॅकवर गाड्यांच्या चाचण्या घेते, लष्कराच्यासुद्धा, आणि विद्यार्थ्यांनी स्नोमोबाईलचा धूर आणि आवाज कमी करून दाखवायची स्पर्धा तिथे अनेक वर्षं भरली. ब्रेक, टायर, थंडीत न पेटणारं इंजिन, बॅटरी यावर काम करायचं असेल तर ॲरिझोनातल्या टेम्पीच्या उन्हात बसून काय करणार? जो बर्फ काकांना अडचण वाटतो तो तिथे लॅबचं सामान आहे, फुकटचं. आणि दुसरीकडे १९२२ पासून चालत आलेला विंटर कार्निव्हल, फेब्रुवारीत क्लासला सुट्टी, महिनाभर आधीपासून पोरं-पोरी बर्फाच्या इमारतीएवढ्या मूर्ती घडवत असतात आणि शेवटच्या रात्री अख्खं गाव जागं, कुणी करवतीने कापतंय कुणी पाणी मारून गोठवतंय, खाण्याच्या गाड्या, गाणी. गणेशोत्सवाच्या मांडवात रात्र काढलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याला फक्त हातमोजे लागतात. स्की करायला टेकडी कॉलेजच्याच मालकीची आहे. बर्फावर साध्या बुटांनी धावत, टेप गुंडाळलेल्या झाडूने चेंडू मारायचा ब्रूमबॉल खेळतात, त्यात स्केटिंग यावं लागत नाही, पडणं यावं लागतं, त्यामुळे भुसावळचा पोरगा आणि मिनेसोटाचा पोरगा पहिल्या दिवसापासून सारखेच वाईट खेळतात.

हे आपोआप होत नाही हे डार्टमथच्या गोष्टीवरून कळतं. डार्टमथ १७६९ चं, न्यू हॅम्पशरच्या डोंगरात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोरं हिवाळाभर खोल्यांमध्ये कोंडून घेऊन बसायची. १९०९ मध्ये फ्रेड हॅरिस नावाच्या एका विद्यार्थ्याने सुचवलं की स्की आणि बर्फात चालायचे जोडे घालून बाहेर पडणाऱ्यांचा क्लब काढू, दोन वर्षांत त्यातनं विंटर कार्निव्हल उभा राहिला आणि पुढे लोक बर्फ आहे म्हणून त्या कॉलेजात यायला लागले. तापमान १९०८ ला जे होतं तेच १९११ ला होतं. कुणीतरी उठून काहीतरी केलं आणि कॉलेजने ते करू दिलं.

नोकरीचा मुद्दा राहिला, आणि तो हवेपेक्षा खरा मुद्दा आहे पण तो हवेच्या आडून बोलला जातो. सॉफ्टवेअरवाल्या पोराला सिलिकॉन व्हॅलीच्या जवळ असण्याचा फायदा आहे, सेमिस्टर चालू असताना शहरातल्या कंपनीत इंटर्नशिप करता येते, भेटीगाठी होतात, होटनमध्ये हे नाही आणि कार्निव्हलने ते भरून निघत नाही. ज्याला स्टार्टअपच करायचीये त्याने खुशाल सॅन होजेला जावं. पण मेकॅनिकलवाल्यांना मी एकच विचारतो, पुण्यात ज्या कंपन्यांच्या जिवावर आपण मेकॅनिकल घेतलं त्यांची मूळ घरं कुठे आहेत? कमिन्स इंडियानातल्या कोलंबसची, जॉन डिअर इलिनॉयच्या मोलीनची, गाड्यांचा सगळा कारभार डेट्रॉइटचा. हा उद्योगच हिवाळ्याच्या पट्ट्यात जन्मलाय, तिथल्या कंपन्यांचे लोक त्या बर्फातनं कॅम्पसवर माणसं घ्यायला येतात. चाकण-पिंपरीचा भूगोल ज्याला माहितीये त्याने मिशिगनला परकं म्हणू नये.

आणि एकटेपणा. इथे मी पालकांच्या बाजूचा आहे. पण माझ्या पाहण्यातले जे कोमेजले ते बर्फामुळे कोमेजले असं मला दिसलं नाही, ते चार मराठी पोरांच्या अपार्टमेंटमध्ये शिरले आणि दोन वर्षं बाहेरच आले नाहीत, तीच मिसळ तीच मॅच तोच पुण्याचा विषय, आणि हे डॅलसमध्ये तर आणखी सोपं आहे कारण तिथे आपले इतके आहेत की बाहेर पडायची गरजच नाही. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, गायकवाड सरकारची शिष्यवृत्ती मोजून तीन वर्षांची. न्यूयॉर्कचे हिवाळे काही लाडाचे नसतात, पण कोलंबियाबद्दल त्यांनी पुढे कृतज्ञतेने लिहिलं ते वर्गमित्रांबद्दल आणि ड्युई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन या प्रोफेसरांबद्दल. ज्या माणसाला इथे वर्गात वेगळं बसवलं होतं त्याला तिथे शेजारी बसणारे मित्र भेटले, हे मोठं की जानेवारीतलं तापमान? लहान गावात एक फायदा असा असतो की प्रोफेसर किराणा घ्यायलाही त्याच दुकानात भेटतो, आणि गाडी बर्फात रुतली की ढकलायला कोण अनोळखी माणूस थांबेल ते सांगता येत नाही पण कुणीतरी थांबतो.

तरी प्रत्येकाने जावं असं मी म्हणणार नाही. ज्याला आधी डिप्रेशन येऊन गेलंय त्याने डॉक्टरशी बोलल्याशिवाय साडेआठ तासांच्या दिवसाकडे जाऊ नये, सकाळी प्रखर दिव्यासमोर बसायचा उपचार आहे आणि बऱ्याच जणांना तो लागू पडतो पण तो गेल्यावर शोधायचा नसतो, आधी माहिती पाहिजे. दम्यावाल्याने कोरड्या गार हवेचा विचार करावा. बाकीच्यांनी काकांचा स्क्रीनशॉट बाजूला ठेवून तिथे आत्ता शिकत असलेल्या कुणालातरी जानेवारीत फोन लावावा, ऑगस्टमध्ये नव्हे, ऑगस्टमध्ये सगळी कॉलेजं सुंदर असतात. रात्री दहाला लॅबमधनं घरी जायला बस आहे का, घरासमोरचा बर्फ मालक काढतो की तुम्ही, भाड्यात हीटिंग धरलंय का, ॲडव्हायझर आठवड्याला भेटतो की महिन्याला, आणि गेल्या रविवारी काय केलंस. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प बसला तर समजून घ्या. (आणि पार्का तुळशीबागेतनं नेऊ नका, तिथे जाऊनच घ्या, सेकंडहँड मिळाला तरी चालेल.) हे सगळं विचारून झाल्यावर नाहीच पटलं तर ॲरिझोना आहेच, फक्त तिथल्यालाही असाच फोन करा, जुलैमध्ये, आणि एसीचं बिल किती येतं ते विचारा.